सिद्धम्मासाठी सोडलेली जागा

१

"आज साहेब माझ्यावरच बोलले."

उपासना सुटली आणि माणसं चपला शोधायला लागली, की हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून निघायचंच. सास्तूरच्या अलीकडच्या त्या गावात कुणाला त्याचं नवल राहिलं नव्हतं. ऐकणारा "व्हय का" म्हणायचा आणि आपली चप्पल पायात सरकवायचा. प्रेमाबाईला तर मनातून हसू यायचं. अहो, माणसांची दुखणी काय शंभर प्रकारची असतात? कुणी सख्ख्या भावाशी बोलत नाही, कुणाला पोराचा घोर, कुणाच्या पोटात शेजाऱ्याबद्दल डंख. पाळकसाहेबांनी नुसतं "मन मोकळं करा" म्हटलं तरी निम्मी सभा सतरंजीकडं बघायला लागणार. त्यासाठी देवाला मध्ये कशाला आणायचं, असं ती म्हणायची, आणि ती काही कमी भाविक नव्हती.

भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं तेव्हाचं ते चर्च. लांबट खोली, वर पत्रा, बाया खिडकीच्या बाजूला, पुरुष भिंतीच्या बाजूला, आणि डोक्यावर एक पंखा, जो फिरताना कुरकुरायचा. तिथल्या निम्म्या बाया सीमेपलीकडून लग्न होऊन आलेल्या, माहेरच्या कानडी. प्रेमाबाईही आळंदकडची. म्हणून आबाराव पाळकांनी जुन्या काळापासून एक पद्धत ठेवली होती. ते मराठीत एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. शेजारी उभी असलेली सिद्धम्मा तेच कानडीत सांगायची. मग साहेबांचं पुढचं वाक्य.

नाताळाच्या आधी सिद्धम्मा गेली. तोवर कानडी बायांना मराठी पाणी झालं होतं, त्यामुळं तिच्या जागी दुसरं कुणी नेमायची गरज नव्हती. पण साहेबांची खोड काही जाईना. एक वाक्य बोलायचे, थांबायचे, उजवीकडं जरा मान कलती करायचे, आणि तिथं कुणी नसतानाही एका वाक्याचा वेळ जाऊ देऊन मगच पुढं बोलायचे. पहिले दोन-चार रविवार पोरी तोंडाला ओढणी लावून हसल्या. मग सगळ्यांना सवय झाली. उलट बरंच वाटायचं. एक वाक्य ऐकावं, जरा मनात घोळवावं, मग पुढचं घ्यावं.

त्या रविवारी मे महिन्याचा उकाडा होता आणि पत्रा तापून टकटक वाजत होता. प्रेमाबाईची लेक क्षमा, तिच्या लग्नाची जाहीर सूचना त्या दिवशी पहिल्यांदा वाचली गेली. लग्नाआधी तीन रविवार अशी सूचना वाचायची, कुणाची हरकत असल्यास विचारायचं, अशी चर्चची रीत. त्यानंतर साहेब घराच्या पायाबद्दल बोलायला लागले. काळ्या मातीवर घर बांधणारा एक, खडकावर बांधणारा एक. प्रेमाबाईच्या डोक्यात मात्र आहेराच्या साड्या चालल्या होत्या.

"ज्यानं खाली खणलं नाही, त्याला पाऊस येईपर्यंत कळत नाही," साहेब म्हणाले आणि थांबले.

"एडक्क अद. मुच्चिडब्याड. तोर्सु."

डाव्या अंगाला आहे. लपवू नको. दाखव.

प्रेमाबाईचा हात आपसूक पदराखाली गेला. डाव्या काखेच्या खाली, भिजवलेल्या हरभऱ्याएवढी, संक्रांतीच्या सुमाराला अंघोळ करताना पहिल्यांदा बोटाला लागलेली. तिनं ती कुणालाही सांगितली नव्हती.

२

घरी येईपर्यंत ती रागानं पेटली होती. भीती नंतर आली, आधी राग. भर सभेत असं बोलायचं? उद्या गावभर झालं म्हणजे?

गोष्ट अशी होती, की जिल्ह्यातल्याच वाशीच्या सत्यभामाबाईंच्या मुलाशी क्षमाची सोयरीक जमली होती. चांगली माणसं, चांगला मुलगा. पण आईला असलं दुखणं निघालं की ते लेकीच्या अंगात उतरतं, असं बाया बोलतात, आणि बायांनी बोललेलं वाशीपर्यंत पोचायला काय वेळ लागतो? म्हणून प्रेमाबाईनं मनाशी ठरवलं होतं, लग्न उरकू दे, मग बघू. तिच्या आईनंही असंच ठरवलं होतं. सुगी होऊ दे, मग बघू. सुगी झाली आणि आईला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरनं मामाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता घरीच असू द्या. हे सगळं प्रेमाबाईला पक्कं माहीत होतं, तरी ती लग्न उरकू दे म्हणत होती. माणूस असंच असतं, काय करणार.

नवरा बलभीम गवंडी. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "आज साहेब माझ्यावरच बोलले बघ."

तिनं हातातला घास ताटात ठेवला. "काय बोलले?"

"पायाचं. त्या कोपऱ्यावरच्या घराचा पाया म्या जरा उथळच घेतलाय. साहेबांनी बघितला की काय कुणाला ठावं. उद्या जाऊन आणखी खणतो."

"आणि काय बोलले?"

"आणि काय? खडक, माती, पाऊस. तू काय झोपली व्हतीस का?"

तो हसला. ती हसली नाही. तिला एकच नाव सुचत होतं. महिला मंडळाची तारामती. मागच्या महिन्यात प्रार्थनेच्या वेळी तिनं प्रेमाबाईच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि "काख दुखती का गं?" म्हणून विचारलं होतं. बायांची सुखदुःखं तारामतीच साहेबांच्या कानावर घालते, प्रार्थना करायला म्हणून. हे तिचंच काम.

३

तारामती अंगणात कुरड्या घालत होती. प्रेमाबाईनं आल्या आल्या तोंड सोडलं.

"आक्का, मी तुमाला मोठ्या बहिणीसारखं मानलं. आणि तुमी साहेबांला जाऊन सांगितलं? भर सभेत माझी अब्रू काढली त्येंनी."

तारामतीला काही समजेना. "कुणी काढली? साहेब तर घराचं बोलले."

"घराचं झाल्यावर. पाऊस येईपर्यंत कळत न्हाय म्हणाले, त्याच्या पुढं."

"त्याच्या पुढं काय म्हणाले, सांग बरं."

प्रेमाबाईनं ती तीन वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. कानडीत. म्हणता म्हणताच तिच्या लक्षात आलं आणि तिचा आवाज खाली गेला. साहेबांना कानडी येत नाही. कानडी सांगणारी नाताळाआधीच मातीआड झालेली. आणि इतक्या वर्षांची सवय अशी, की मराठी वाक्यामागं कानडी वाक्य आलं तेव्हा तिला ते खटकलंसुद्धा नव्हतं.

तारामतीनं पिठाचा हात पाटीवर पुसला आणि ती उंबऱ्यावर बसली.

"सिद्धम्माचा आवाज व्हता का?" तिनं विचारलं.

"न्हाय. तिचा मिश्रीनं खरबरीत झाल्याला. ह्यो तसला नव्हता."

"तुझ्या आईचा?"

"न्हाय आक्का. वळखीचा कुणाचाच न्हाय."

तारामती मान हलवत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला मराठीत येतं."

"काय?"

"साहेब थांबले की. दर वेळी न्हाय. म्हैन्यातनं एखाद्या वक्ताला. पयल्यांदा मला वाटलं साहेबच बोलले. पाठच्या भणीकडं जा म्हणाले, म्हणून गेले. धा वर्सांनी गेले. मग साहेबांचे आभार मानायला गेले, तर ते नुसतेच माझ्याकडं बघत राह्यले."

ऊन कडक होतं, कुरड्या वाळत होत्या, पलीकडं कुणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती. प्रेमाबाईला त्या उन्हातही गार वाटलं.

४

क्षमा दर रविवारी साहेबांचा संदेश मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि पुण्याला कामाला गेलेल्या पोरांच्या ग्रुपवर टाकायची. प्रेमाबाईनं तिला ते लावायला सांगितलं.

"तुला कधीपास्नं दोनदा ऐकायची गोडी लागली?" क्षमा म्हणाली, पण लावून दिलं.

साहेबांचा आवाज. थांबा. त्या थांब्यात पंख्याची कुरकुर, पत्र्याची टकटक, कुणाचं तरी खोकणं. पुन्हा साहेब, पुन्हा थांबा, पुन्हा पंखा. प्रेमाबाईचा जीव जरा खाली बसला. काही नाही यात. आपलंच मन ते. आपण कानडी, म्हणून मन कानडीत बोललं. चोराच्या मनात असतंच की काही ना काही.

मग ते वाक्य आलं. पाऊस येईपर्यंत कळत नाही.

थांब्यात पंखा नव्हता. पत्राही नव्हता. खोकणारा गप्प झाला होता. मोबाइल बंद पडावा तसं सगळं नाहीसं झालं होतं, पण पडद्यावर सेकंद पुढं सरकत होते. आणि ते लांबत गेलं, साहेब कधी एवढे थांबत नाहीत एवढं लांबलं.

क्षमानं भुवया आक्रसून फोन कानाला लावला. "आई, यात कुणीतरी श्वास घेतंय बघ."

"बंद कर ते."

"आगं, खरंच. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा."

प्रेमाबाईनं फोन तिच्या हातातून ओढून घेतला आणि बंद केला. क्षमा आईकडं बघत राहिली.

५

साहेबांना विचारल्याशिवाय सुटका नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली तेव्हा आबाराव पाळक एकटेच चर्च झाडत होते. म्हातारा माणूस, धोतरावर बनियन, हातात खराटा. तिला पाहून त्यांनी घाईनं सदरा चढवला.

ती सरळच बोलली. "साहेब, तुमी बोलताना थांबता कशाला?"

त्यांनी खराटा भिंतीला टेकवला. "म्हणजे तुम्हांलाही," ते म्हणाले. "बसा, प्रेमाबाई."

दोघं सतरंजीवर बसले. रिकाम्या खोलीत पंखा बंद होता, तरी साहेब बोलता बोलता दोनदा वर बघत होते.

"आधी सवयीनं थांबायचो. सिद्धम्मा बोलायची तेवढ्यात मला पुढचं सुचायचं. ती गेली तरी तेवढा वेळ लागायचाच. आता तसं राहिलं नाही. आता पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार असतं, पण बोलता येत नाही. दुसऱ्याचं बोलणं चालू असताना आपण मध्येच कसं बोलणार? ते संपावं लागतं."

"कुणाचं बोलणं?"

"मला काही ऐकू येत नाही, बाई. मला फक्त दिसतं." त्यांनी हातानं बायांच्या बाजूची पहिली रांग दाखवली. "तुम्ही सगळ्या खाली बघत असता. एकीची मान वर येते. मग तिच्या शेजारचीची. मग पुढचीची. सगळ्याजणींची एकदम येत नाही. कुणीतरी रांगेतून चालत जावं आणि ज्याच्यापाशी काम असेल त्याच्यापाशी वाकावं, तसं."

प्रेमाबाईनं पदर गच्च धरला.

"रविवारी तुमच्यापाशी लई वेळ थांबलं," साहेब म्हणाले.

"देव हाय का साहेब ते?"

साहेबांनी मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी पाळक आहे. मला ठाऊक असायला पाहिजे. आणि मला ठाऊक नाही. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण आजवर ज्यांनी ऐकलं, त्यांतल्या एकाचंही वाईट झालेलं मी पाहिलं नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

जाताना ते म्हणाले, "काय ऐकलंत ते मला सांगू नका. पण जे सांगितलं असेल, ते करा."

६

तिनं केलं नाही. आठवडाभर ती बस्त्याच्या साड्या घड्या करत राहिली. सत्यभामाबाईंचा वाशीहून फोन आला, मानाच्या पातळाचा रंग विचारायला, तेव्हा ती मोठ्यानं हसून बोलली. फोन ठेवला आणि न्हाणीत जाऊन रडली. लग्न उरकू दे, एवढंच ती मनात घोकत होती, आणि प्रत्येक वेळी त्याच्यामागून आईचं सुगी होऊ दे ऐकू यायचं.

रविवारी चर्चला जायचंच नाही, असं तिनं पक्कं केलं. पण सूचना दुसऱ्यांदा वाचायची आणि नवरीची आई हजर नाही, असं कसं चालेल? बलभीमनं एकदाच विचारलं, "का गं, बरं न्हाय का?" आणि ती मुकाट्यानं उठून साडी नेसली.

७

ती सगळ्यांच्या मागं, दाराजवळ बसली. वाटलं तर उठून जाता यावं म्हणून.

साहेबांनी कागद हातात घेतला. मुलाचं नाव वाचलं, गाव वाशी. मुलीचं नाव वाचलं. "या विवाहाला कुणाला काही अडचण ठाऊक असेल," ते म्हणाले, "तर ती आत्ताच सांगावी."

आणि थांबले. इथं तर सगळेच पाळक थांबतात.

पंखा फिरत होता, पण त्याची कुरकुर बंद झाली. प्रेमाबाईनं वर बघितलं, पाती नीट फिरत होती. पत्रा गप्प झाला. मग पहिल्या रांगेत एका बाईची मान वर आली आणि सावकाश पुन्हा खाली गेली. तिच्यापुढं दोघी सोडून तिसरीची. दुसऱ्या रांगेत तारामतीचा खांदा हलला. तिसऱ्या रांगेत कुणी नाही. चौथीत एक सून दचकून बसली आणि तिनं पोराला जवळ ओढलं.

उठावं, असं प्रेमाबाईला वाटत होतं. पण ती उठली नाही. तिच्यासमोरच्या मोकळ्या सतरंजीवर एक चुणी पडलेली होती. ती बघता बघता सपाट झाली. कुणी समोर येऊन बैठक मारावी, तशी.

तिनं डोळे मिटले नाहीत. आता ऐकू येईल म्हणून ती वाट बघत राहिली. काहीच आलं नाही. जे काही होतं ते गप्प होतं, आणि हे गप्प राहणं तिच्या ओळखीचं होतं. सिद्धम्मा अशीच उभी राहायची. मान किंचित कलती करून, साहेबांचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत. त्यांनी बोलल्याखेरीज तिला तोंड उघडता येत नसे.

ते तिच्या वाक्यासाठी थांबलं होतं.

"ननग गंट अद," प्रेमाबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच जेमतेम ऐकू गेला. मला गाठ आहे. "अंजिकी बरतद." मला भीती वाटते.

भिंतीच्या बाजूला बलभीम उभा राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात जो कानडीतला एक शब्द शिकला नाही, सासुरवाडीला गेला की नुसता हसून मान हलवायचा, तो बलभीम. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"कवापास्नं?" तो म्हणाला. "कवापास्नं हाय गाठ? मला का सांगितलं न्हाईस?"

सगळी सभा तिच्याकडं बघत होती. मराठी बाया, कानडी बाया, पुरुष. एकाच्याही तोंडावर, काय म्हणाली ही, असा प्रश्न नव्हता. क्षमा पुढून उठून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. सतरंजी त्या जागी पुन्हा चुरगळली, आणि वर पंखा कुरकुरायला लागला.

साहेबांनी कागदाची घडी केली. त्यांचा आवाज जड झाला होता, पण आता ते न थांबता बोलले. "बलभीमराव, हिला उद्या सकाळीच दवाखान्यात न्या. राहिलेलं मी नंतर वाचीन, त्याची काळजी करू नका."

८

लोहाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सोलापूरला पाठवलं. सोलापुरात सुईनं पाणी काढलं, मग फोटो, मग ऑपरेशन. गाठ वाईटच निघाली, पण लहान होती आणि जागा सोडून कुठं गेली नव्हती. "वेळेत आलात," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढची औषधं चुकवू नका, नातवंडं खेळवाल." बलभीम हे ऐकून वॉर्डाबाहेर गेला आणि जिन्यात बसून हुंदके देऊन रडला. इतका मोठा गवंडी, पण लाजला नाही.

वाशीचे लोक येतील आणि लग्न मोडतील, याची प्रेमाबाई वाट बघतच होती. आल्या एकट्या सत्यभामाबाई, डबा घेऊन. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "लग्न दिवाळीनंतर करू. घाई कुणाला हाय? तुमी हिंडा-फिरायला लागा आधी. लेकीच्या लग्नात आई काय खाटंवर बसणार व्हय?" मग त्या घरी गेल्याच नाहीत. दोन दिवस तिथंच राहिल्या. प्रेमाबाईला डावा हात उचलता येत नव्हता, म्हणून त्यांनी तिची वेणी घातली, तोंड पुसलं, वरणभात कालवून भरवला. प्रेमाबाईला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. इतके महिने आपण कुणाला भीत होतो, हेच तिला आठवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा सत्यभामाबाई स्टुलावरून उठून उभ्या होत्या आणि टक लावून तिच्याकडं बघत होत्या. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "आत्ता काय म्हणालात तुमी मला?"

प्रेमाबाई काहीच म्हणाली नव्हती. तिचं तोंड झोपेनं कोरडं पडलं होतं. तसं ती सांगणारच होती, पण तेवढ्यात तिचं लक्ष सत्यभामाबाईंच्या हाताकडं गेलं. हात पदराखाली, बरगडीपाशी दाबून धरलेला होता, आणि तो तिथं आहे याचं त्यांना भानही नव्हतं.

प्रेमाबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. मग तो गेला. तिनं काही विचारलं नाही. सलाईनचा दांडा उजव्या हातानं धरून ती हळूहळू खाटेवरून उतरली.

"डॉक्टरीणबाई दुपारपतुर बसतात," ती म्हणाली. "चला. मी येते संगं."